साक्षीदाराशिवाय ट्रॉफी नाही

मला वाटलं होतं, थंडगार अंधारा हॉल असेल. मऊ खुर्च्या असतील. फिल्म संपली की कुणीतरी चष्मा सावरत दिग्दर्शकाला खोल प्रश्न विचारेल. निदान गळ्यात अडकवायला एक कार्ड तरी मिळेल.

मिळालं ते जवळा बाजार या गावच्या मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, लिलावाचं शेड. हंगामात तिथे सोयाबीनचे ढीग पडतात. मे महिन्यात ते रिकामं असतं, म्हणून कार्यक्रम मे महिन्यात. तिन्ही बाजूंनी ताडपत्र्या बांधून अंधार केलेला, वरचा पत्रा तापलेला, आणि वेळ दुपारी बाराची. संध्याकाळी ठेवला तर खेड्यापाड्यांतल्या लोकांची शेवटची गाडी चुकते.

हा आमच्या जिल्ह्यातला स्वतंत्र फिल्मांचा पुरस्कार सोहळा. स्वतंत्र म्हणजे ज्यांना ना कंपनी, ना निर्माता. स्वतःच्या मोबाइलवर नाहीतर उसन्या कॅमेऱ्यावर केलेल्या. दरवर्षी होतो, आणि दरवर्षी त्याचे किस्से वाढतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही. एक जण सांगतो, दुसरा त्याला मध्येच दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीचाच नवा किस्सा होतो.

मी मूळची हट्टा गावची. पण पाचवीपासून बाहेर, आधी हॉस्टेलात आणि मग चार वर्षं कोलकात्यात, फिल्म शिकायला. परत आले ती माझी पहिली फिल्म घेऊन. बत्तीस मिनिटांची. सिद्धेश्वर धरणावर मासे धरणाऱ्या अनसूयामावशीवरची. परदेशातल्या एका महोत्सवानं ती विस्थापित लोकांवरच्या विभागात निवडली होती आणि शेवटची प्रत पाठवायला मला थोडेच दिवस उरले होते. पण मी हट्ट धरला होता की ही फिल्म आधी आपल्या जिल्ह्यात दाखवायची. इथली ट्रॉफी मिळाली तरच ती बाहेर जाईल. मित्रमैत्रिणींना मी हे भाषण दिल्यासारखं सांगत सुटले होते.

सोहळ्याआधीचा महिना मी तयारीत घालवला. म्हणजे बालाजीच्या मंडप-साउंडच्या दुकानात बसून चहा प्यायले. पडदा, स्पीकर, जनरेटर सगळं बालाजीचं. आणि सोहळा कांबळे मॅडमचा. मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका. पन्नाशीची माणसंसुद्धा त्यांच्याशी उभं राहून बोलतात, कारण बसलेली असताना त्यांनी एकेकाळी मार खाल्लेला आहे.

पुढचे किस्से मी त्या दुकानात ऐकलेले. शेवटचा मात्र माझ्यासमोर घडला.

*

पहिल्या वर्षी ट्रॉफ्या आणायला बालाजी हिंगोलीला गेला. दुकानात सगळ्या खेळाच्या ट्रॉफ्या. वर बॅट उगारलेला माणूस, नाहीतर कबड्डीवाला. कॅमेरा धरलेला माणूस एकही नाही.

बालाजीनं त्याच उचलून आणल्या. मॅडम म्हणाल्या, "हे काय आणलंस?"

"मॅडम, सगळ्यांची पोज बघा ना. कायतरी करून राहिलेत. बसून कुणी न्हाई."

त्या वर्षी उत्कृष्ट दिग्दर्शकाला बॅट्समन मिळाला आणि उत्कृष्ट अभिनेत्रीला गोळाफेकवाला. ती अभिनेत्री म्हणजे अंगणवाडी सेविका. तिच्या अंगणवाडीत ती ट्रॉफी अजून आहे. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचं खास अभिनंदन केलं आणि विचारलं, गोळा किती लांब जातो? ती म्हणाली, "सर, आता सराव न्हाई राहिला."

*

मला सगळ्यात कुतूहल होतं ते साक्षीच्या पद्धतीचं. ती कुठून आली?

तर पहिल्याच वर्षी एका पोरानं आपल्या चुलत्यावर फिल्म केली. चुलता कसा बांध कोरतो, म्हणजे शेजारच्या शेताची हद्द दरवर्षी वीतभर कशी आत ढकलतो, यावर. फिल्म रंगात आली आणि मागच्या रांगेतून चुलताच उठला. "हे खोटं हाय," म्हणाला, "वीतभर न्हाई. चार बोटं."

मग तिथेच दोन गट पडले. एक वीतवाले, एक चार बोटंवाले. सोहळा तासभर थांबला. बालाजीनं जनरेटर बंद करून डिझेल वाचवलं.

मॅडमनी दुसऱ्या वर्षीपासून नियम केला. जिच्यावर, ज्याच्यावर फिल्म आहे त्याला पाहुण्यासारखं बोलवायचं, पहिल्या रांगेत बसवायचं. फिल्म संपली की स्टेजवर बोलवून सगळ्यांसमोर विचारायचं, खरं हाय का? तो "खरं" म्हणाला तरच ट्रॉफी. परीक्षकांनी कितीही मार्क दिलेले असोत.

आणि एक पोटनियम. साक्ष चालू असताना दिग्दर्शकानं शेजारी उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही.

"काहून?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "तू बत्तीस मिनिटं बोलून घेतलंस ना? आता त्याची पाळी."

हे मला फार आवडलं. कोलकात्यात मी सत्य आणि कॅमेरा या विषयावर चाळीस पानं लिहिली होती. इथे मोंढ्याच्या शेडात तो प्रश्न एका ओळीत सोडवलेला होता. मी त्या दिवशी घरी येऊन वहीत लिहिलं, जगातल्या प्रत्येक महोत्सवात ही पद्धत पाहिजे.

मग दिवा मालवल्यावर लक्षात आलं की अनसूयामावशीला मी फिल्म अजून दाखवलेलीच नाही.

*

काल्पनिक गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? हा प्रश्न आमच्याच गावच्या एका पोरानं उभा केला. त्यानं भुताची फिल्म केली. गावाबाहेरच्या विहिरीतून बाई वर येते, असली.

मॅडमनी नियम वाकवला नाही. विहिरीचे मालक ग्यानोबाकाका यांना बोलवलं.

"काका, खरं हाय का?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "खरं हाय."

शेडात हशा. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "काका, विहीर खरी का भूत खरं?"

"दोनी. मी सोता बघितलं. रात्रीचं तर तिकडं कुणी फिरकूच नये. पाणबुडी मोटरीच्या आसपास तर मुळीच न्हाई."

काकांची मोटर आधी दोनदा चोरीला गेली होती. पोराला ट्रॉफी मिळाली, आणि काकांच्या सांगण्यावरून ती फिल्म आजूबाजूच्या पाच-सहा गावांत फुकट दाखवण्यात आली. तिसरी मोटर अजून जागेवर आहे.

*

बालाजीचा एकच दोष. त्याला शांतता सहन होत नाही.

एका वर्षी वसमतकडच्या एका मुलीनं फिल्म आणली. शेवटी बाप आणि लेक ओट्यावर बसतात आणि मिनिटभर काहीच बोलत नाहीत. अगदी आवाजसुद्धा नाही, तिनं मुद्दाम काढून टाकलेला. तिच्या मते सगळी फिल्म त्या मिनिटासाठी होती.

दहा सेकंद झाली. बालाजीनं वायर हलवली. पंधरा सेकंदांना त्यानं स्पीकरवर थाप मारली. विसाव्या सेकंदाला बाप आणि लेक पडद्यावर एकमेकांकडे बघत असताना शेडभर आवाज घुमला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

मुलगी रडायला लागली. बालाजी कासावीस. "ताई, मला वाटलं तुमची फिल्म बंद पडून राहिली."

आता अशा प्रत्येक फिल्मच्या आधी मॅडम जाहीर करतात, "यात मधे आवाज येणार न्हाई. बालाजी, हात मागं बांध." आणि तो खरंच हात मागे बांधून उभा राहतो. मी पाहिलंय. त्याच्या कपाळावर घाम असतो.

*

पुण्याचे एक दिग्दर्शक प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. बाहेर गाजलेली त्यांची फिल्म सोबत होती, पाणी आटलेल्या एका गावाची. मॅडमनी ती दाखवली, लोकांना आवडली. परीक्षकांनी ठरवलं, यांना मानाची ट्रॉफी द्यायची.

मॅडमनी विचारलं, "साक्षीदार आणलाय का?"

दिग्दर्शक म्हणाले, "त्यात सगळे कलाकार आहेत, मॅडम."

"गाव तर खरं होतं ना? गावचं कुणी?"

नव्हतं. मॅडमनी त्यांना शाल दिली, नारळ दिला, दोनदा चहा पाजला. ट्रॉफी दिली नाही. लोकांना वाटलं, हा माणूस आता रागावून निघून जाईल. पण तो भला होता, हसला आणि बसून राहिला.

पुढच्या वर्षी त्यानं खरंच त्या गावातला एक माणूस एसटीत बसवून पाठवला. सात तासांचा प्रवास करून तो आला. फिल्म पुन्हा लावली. मॅडमनी विचारलं, "खरं हाय का?"

तो माणूस म्हणाला, "बैल माझा होता. बैल बराबर दाखवलाय. बाकीचं चालू होतं तवा मला लांब उभं केलं होतं."

मॅडमनी साक्षीच्या वहीत लिहिलं, "बैलापुरतं खरं." ट्रॉफी त्या माणसाकडेच दिली. बैलाच्या मालकाकडे ती आहे की दिग्दर्शकाकडे पोचली, हे अजून कुणाला माहीत नाही.

*

हा किस्सा मला मॅडमनी स्वतः सांगितला, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत.

सुनीता नावाच्या बाईनं नवऱ्याच्या जुन्या मोबाइलवर फिल्म केली. मोबाइल कधी फडताळात उभा केलेला, कधी हंड्याला टेकवलेला. पहाटे उठल्यापासून रानात जाईपर्यंतचं तिचं काम. झाडणं, पाणी, शेण, भाकरी, लेकरांच्या वेण्या, डबे. अकरा मिनिटं. बोलणं नाहीच.

फिल्म तिच्या स्वतःवरच, म्हणून साक्षीदार तिचा नवरा. पांढरा शर्ट घालून आला होता, केसांना तेल लावून. बायकोला बक्षीस मिळणार म्हणून खूश होता.

फिल्म संपली. तो स्टेजवर आला. मॅडमनी विचारलं, "हे रोजचं असंच असतं, असं हिनं दाखवलंय. खरं हाय का?"

त्यानं सुनीताकडे बघितलं. पोटनियमाप्रमाणे ती गप्प.

"मला काय माहीत, मॅडम," तो म्हणाला, "मी त्या टायमाला झोपलेलो असतो."

मॅडमनी माइक खाली ठेवला आणि वहीत लिहिलं, "खरं."

*

आता माझा.

सोहळ्याच्या दिवशी मी सकाळीच सिद्धेश्वरला जाऊन अनसूयामावशीला घेऊन आले. साठीची बाई. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून धरणात जाते, जाळं टाकते, मासे बाजारात विकते. नवं लुगडं नेसली होती. गाडीत मला म्हणाली, "वैशू, तिथं काय बोलायचं म्हणून राहिलीस?"

"काही नाही मावशी. खरं आहे का, एवढंच विचारतील."

"अन् न्हाई म्हणले तर?"

"तर ट्रॉफी नाही."

"आस्सं," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी ठिकठिकाणी सांगून ठेवलं होतं की इथली ट्रॉफी मिळाल्याशिवाय फिल्म बाहेर जाणार नाही. आता ते मावशीच्या एका शब्दावर आलं होतं.

माझ्या फिल्मच्या सुरुवातीला पडद्यावर एक पाटी येते, मावशीचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, असं सांगणारी चार वाक्यं. मग मावशीचं काम. आणि शेवटी एकच सलग शॉट. मावशी काठावर बसलीये, कपाळाला हात, मागे धरणाचं पाणी, आणि ती कॅमेऱ्याच्या जरा खाली कुठेतरी बघते आहे. सात मिनिटं. डोळ्यांत असं काही की माझे शिक्षक तो शॉट पाहून उठून उभे राहिले होते. महोत्सवाच्या पत्रातही त्या शॉटबद्दलच लिहिलं होतं, घर गमावलेल्या माणसाचा चेहरा म्हणून.

शेडात तो शॉट चालू असताना कुणी हललं नाही. बालाजीचे हात मागे बांधलेले. ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची एक रेघ पडद्यावर आलेली, तीही मला त्या दिवशी छान वाटली.

फिल्म संपली. मावशी स्टेजवर आली. मी शेजारी उभी राहिले, तोंड बंद.

"अनसूयाबाई," मॅडम म्हणाल्या, "खरं हाय का?"

"मीच हाय ती," मावशी म्हणाली. लोक हसले.

"ते दिसलं. पण शेवटी तुमी जे बसलात, गाव पाण्यात गेलं त्याच्या दुःखात. ते खरं हाय का?"

"गाव?" मावशीनं माझ्याकडे बघितलं. "गाव जाऊन लई दिस झाले, बाई. त्याच्यासाठी माझी सासू रडायची. मी लगीन होऊन आले तवा पाणीच व्हतं. मी तर त्या पाण्यावर जगून राहिले."

मॅडमनी माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही.

"मग एवढं एकटक काय बघून राहिल्या व्हत्या?"

"जाळं."

"कोणतं जाळं?"

"माझं. नवं जाळं व्हतं, सकाळीच वाळत घातलेलं. हिनं तो कॅमेऱ्याचा तीन पायांचा घोडा आणला अन् नेमका त्याच्यावर उभा केला. वरून सोता उभी राहिली. जाळं ताणलेलं. आता फाटतं का मग फाटतं, हेच बघून राहिले."

शेड नुसतं फुटलं. बालाजी जनरेटरवर डोकं टेकवून हसत होता. मला बोलायचं होतं. मला सांगायचं होतं की मी पायाखाली बघितलंच नाही, मी फक्त काचेतून बघत होते. पण पोटनियम.

मॅडमनी हात वर केला, तशी शांतता झाली.

"मग बोलल्या काहून न्हाई?"

"कशी बोलू? हिनं आधीच सांगितलं, मावशी, आता बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई, मनात असंल तिकडं बघत बसायचं. बसले बघत. लेकरू एवढ्या लांबून येऊन उन्हातान्हात उभं. म्हटलं होऊ द्या तिचं."

"फाटलं का?"

"दोन जागी."

आता कुणी हसलं नाही. मॅडमनी वही उघडली, पेनचं टोपण काढलं.

"मग सांगा, अनसूयाबाई. काय लिहू? खरं का खोटं?"

मावशीनं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, जिथे ती मघाशी सात मिनिटं बसली होती. मग माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे.

"खरं लिहा," ती म्हणाली. "काळजी खरीच व्हती."

मॅडमनी लिहिलं. मला ट्रॉफी मिळाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत जाताना मावशी गाडीत झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला आणि सुरुवातीची पाटी, चारही वाक्यं, काढून टाकली. शेवटचा शॉट होता तसाच ठेवला. फिल्म पाठवली आणि सोबत महोत्सवाला लिहिलं, "या बाईनं गाव गमावलेलं नाही, ते तिच्या सासूचं गेलं. ती आपल्या जाळ्याकडे बघते आहे, आणि त्या जाळ्यावर मी उभी आहे. तुमच्या विभागात हे बसत नसेल तर फिल्म काढून टाका."